पट्टी

डोळ्यांतून पाणी गळतंय म्हणून गेलो,
तर आरवाडे मॅडम म्हणाल्या, तुमचे डोळे कोरडे आहेत.

मी रुमालानं गाल पुसत हसलो.
सहा महिने झाले हा रुमाल खांद्यावर आहे.
मिरजेत आमच्या गल्लीत बोलवा झाली,
दस्तगीरच्या घरात काहीतरी घडलंय.
तानपुऱ्याची जोडी न्यायला हुबळीहून आलेल्या बाई
माझ्याकडे बघून गप्पच झाल्या,
सांगितली ती रक्कम मोजून ठेवली,
वर म्हणाल्या, देव सगळं बघतो.
मी काय सांगणार, बाई, पंख्याचा वारा आहे हा.

"पट्टी लावून बघू," मॅडम म्हणाल्या.
चाळीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं:
कुठली? काळी एक की पांढरी चार?

कागदाची होती. नखाहून अरुंद,
अंगावर मिलिमीटरच्या रेघा.
टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवलं.
पाच मिनिटं. डोळे मिटून बसा.

बसलो.
आम्ही तार आणि घोडीच्या मध्ये दोरा सरकवतो,
केसभर पुढं, केसभर मागं,
एका जागी सूर उघडतो.
आज दोरा माझ्या डोळ्यात होता
आणि ऐकणारं दुसरंच कुणीतरी.

सात मिलिमीटर.
"दहाच्या वर पाहिजे."
मग हे गळतंय ते काय?

म्हणाल्या, पाण्यावर तेलाची साय लागते,
पापणीच्या कडेला बारीक गाठी असतात, त्यांतून येते ती.
तुमच्या तुंबल्यात.
साय नाही म्हणून पाणी उडून जातं,
डोळा चुरचुरतो, घाबरतो,
आणि एकदम बादली उपडी करतो.
ते डोळ्यात ठरत नाही. गालावर येतं.

पटलं मला.
तुणीच्या लाकडावर लाखेचा हात नीट बसला नाही
तर पावसात तेच फुगतं, मे महिन्यात तेच तडकतं.

पंखा तोंडावर? हो.
स्पिरीटचा वास दिवसभर? हो.
सर्दीची गोळी? रोज एक, कितीतरी वर्षं.
"आणि काम करताना पापणी लवते का?"

इथं मी गप्प झालो.

अब्बांनी जवारी शिकवली तेव्हा मी अकरा वर्षांचा.
कानस घोडीवर, डोळा कानशीवर.
पापणी पडली की सूर पडला, म्हणायचे.
एकदा पडली.
मारलं नाही त्यांनी.
ती घोडी उचलून भुशात फेकली, माझ्यासमोर.
तेव्हापासून कानस हातात असली की
मी बघतो. नुसता बघतो.
मिनिट, दीड मिनिट.

आता सकाळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं
दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर.
मग वरची पापणी बोटानं वरून खाली,
तार पुसताना देतो तेवढंच वजन.
थेंबांची वेळ सून सांगते, आफरीन,
दुपारचे दोनदा विसरते, मी आठवण करत नाही.
पंखा भिंतीकडे तोंड करून फिरतोय.
सर्दीच्या गोळीवर मॅडमनी काट मारली,
तर नाक वाहायला लागलं. वाहू दे.

आणि कानशीचे तीन हात झाले की एक पापणी.
अर्धी नाही. वरची खालचीला टेकेपर्यंत.

पहिल्या दिवशी टेकवली
आणि हात जागच्या जागी थांबला.
वळून दाराकडे बघितलं.
दारात भोपळे होते, वाळत घातलेले.

घोडी बसवली, दोरा सरकवला, छेडली.
खर्ज भिंतीला लागून परत आला,
भरून, मागं झणकार ओढत.
अब्बा, पडला नाही.

परवा धारवाडचा एक मुलगा आला.
माझे डोळे ठणठणीत, म्हणजे ओले, म्हणजे बरे.
त्यांत सरळ बघून म्हणाला,
चाचा, थोडं कमी करा की.
केलं.
पाचशे.