घट

सराफ्यात, दुसऱ्या मजल्यावर, जिना शिडीसारखा.
सोळा माणसं मांडी घालून बसतात
आणि सतरावी मी, खुर्चीवर.
एवढाच काय तो फरक, असं शेठ म्हणायचे
आणि मला खरंच वाटायचं तसं.

माझ्याकडे वही.
सकाळी सोनं तोलून द्यायचं, संध्याकाळी दागिना तोलून घ्यायचा,
मधल्या मध्ये जे हरवतं ती घट.
रामबागेतल्या शाळेत घट म्हणजे मडकं होतं,
नवरात्रातलं, माती घालून धान्य पेरायचं.
इथली घट पगारातून कापायची.
हजारी पाच माफ, पुढची कारागिराच्या माथी.

निताई सामंत, मुक्काम घाटाल, जिल्हा मेदिनीपूर.
कानस फार बारीक चालवतो,
म्हणून त्याची घट सगळ्यांत जास्त.
हे लिहिताना माझं पेन अडखळलं नाही.

सात वाजता पितळी घंगाळ येतं.
हात त्यातच धुवायचे, कोपरापर्यंत,
नखं टोकरायची, नाकसुद्धा तिथंच शिंकरायचं.
पाणी शेठचं.
चटया झटकल्या की जे पडतं तेही शेठचं.
केस कापायचे तर गच्चीवर, शेठच्या न्हाव्याकडून,
मग ते जाळून राख चाळतात.
मला कधी कुणी हात धुवायला सांगितलं नाही.
शाईला घट नसते.

महिनाअखेर धूळवाला येतो, पोतं तोलतो,
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो.
मी लिहिते : धूळविक्री, जमा.

चार वर्षं लिहीत होते.
मग एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला,
फडफडणारी दोन पानं निमूट एकमेकांवर येऊन पडली
आणि मला दिसलं, तेच सोनं.
एकदा निताईच्या पगारातून वजा,
एकदा शेठच्या गल्ल्यात जमा.
दोन्हीकडे अक्षर माझं, वळणदार.

मी काय केलं? चहा मागवला.
फक्त निताईनं विचारलं, दीदी, इस बार कितना कटा,
तेव्हा वही उघडी ठेवून पाणी प्यायला उठले.
त्या दिवशी पाणी प्यायला मला बराच वेळ लागला.

पुढच्या शनिवारी घंगाळ आलं
आणि सोळाच्या सोळा जण त्याला वळसा घालून निघाले,
हात वर धरलेले, ऑपरेशनआधी डॉक्टर धरतात तसे,
शिडीसारख्या जिन्यानं, एकामागून एक.
शेठ म्हणाले, अरे, हात. हात तर धुवा रे.
इतकं मऊ बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

खाली शटरं पडत होती, ओट्यांवर कढया चढत होत्या,
गराडू, भुट्ट्याचा कीस, गाड्यांतून उतरलेली माणसं.
गर्दीनं वाट दिली,
वाटलं असेल कुणाला तरी पोचवून आलेत.
कोपऱ्यावरच्या नळाखाली त्यांनी हात धुतले,
सावकाश, एकेक नख.
पाणी गटारात.

गटाराच्या तोंडाशी घीसीबाई, न्यारियांची,
जी पहाटे रस्ता झाडून मातीतून सोनं गाळते.
त्या दिवशी का कोण जाणे, लवकर आली होती.
तिनं वर पाहिलं नाही,
तसराळं तेवढं वीतभर पुढे सरकवलं.

सोमवारी पाच जण परतले.
बाकी जागांवर नवी पोरं, घाटालचीच, मिसरूड न फुटलेली.
निताई राजकोटला गेला म्हणतात.
दाराला आता आतून कुलूप असतं.

आणि काल सात वाजता
घंगाळ माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबलं.
शेठ वर न बघता म्हणाले, बाई, तुम्हीपण.
मी हात बुडवले.
पाण्यात निळं उतरलं, पसरत गेलं.
ते कुठल्या खात्यात धरायचं
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.