फुग्यातली अक्षरं

जीपीओच्या खिडकीतली मेश्राम म्हणाली,
'झिंगरूवालं का? चारच उरले नं काका.'

चारही घेतली.
वासाड्यांचं नाक, वासाड्यांची छत्री,
नागपूरच्या उन्हातही तीस वर्षं न उघडलेली.
चित्र त्यांचं. फुग्यातली अक्षरं माझी,
रोज रात्री साडेनऊला, टाकानं,
एकदा चुकून चहात बुडवलेल्या.

तिकिटावर फुगा आहे,
आत मुंगीच्या पायांएवढं काहीतरी.
भिंग लावलं. 'ळ' माझाच,
पोट मोठं, शेपटी आखूड,
संपादक त्यावरूनच ओरडायचे.
बाकी झिंगरू नेमका काय म्हणतोय
वाचता येत नाही.
आठवतही नाही.

तीन वहीत ठेवली.
एक वासाडेवहिनींच्या पाकिटावर, वर्ध्याला.
आत काय लिहावं सुचेना.
चित्राशिवाय मी कधी लिहिलंय कुठे?
कोराच कागद घडी घालून टाकला,
वरच्या कोपऱ्यात एक रिकामा फुगा काढून.

मेश्रामनं शिक्का उचलला.
म्हटलं, 'हळू हान वं माय,
नाकावर चालेल, फुग्यावर नको.'

हसली.
धप्प.

छत्री तेवढी वाचली.