रकाना पाचवा

दहाच्या फेरीबोटीतून तारीवाड्यावर उतरलो तेव्हा
बगलेत कोरी यादी होती:
अनुक्रमांक, वस्तू, नग, स्थिती,
आणि पाचवा रकाना, मालकी,
जो आम्ही कधी भरत नाही.
वरून खालपर्यंत एक रेघ ओढतो
आणि रेघेच्या कडेला लिहितो, सरकार.

शाळा पलीकडे न्यायची होती,
हमरस्त्यालगतच्या नव्या संकुलात.
तिथे संगणक आहेत, संडासाला पाणी आहे.
इथे तेवीस मुलं, आणि ओणवं होऊन शिरावं
असं दार.
मला वाटलं, दोन तासांचं काम.

व्हरांड्यात चाळीसेक माणसं बसली होती.
घोषणा नव्हती. फलक नव्हता.
आनाबाय म्हणाली, अकरा वाजले,
पेज घेतल्याबगर मोजू नका.
पेजेत खाऱ्या बांगड्याचा तुकडा होता.

मग मी लिहिलं: घंटा, पितळी, एक.
"आमच्या बापायच्या गलबताची ती," इनास म्हणाला.
"गलबत मांडवीत बसलं, घंटा तेवढी वर आली.
शाळेला दिलीय. शाळा इथे असेतो."

कपाट, एक, जुनं.
"फणसाचं," दुल्बा मेस्तानं दुरुस्त केलं,
आणि माझ्या हातानं ते लिहूनही घेतलं.
त्याच्या आज्यानं घडवलेलं,
वरच्या कप्प्यात भात, भाताखाली बाराखड्या,
शिपाय दारात आले की मास्तर भात विकायला बसत.
"दिलंय. शाळा इथे असेतो."

घड्याळ, बंद.
"थांबलंय," म्हणाल्या कुमुदिनीबाई,
आणि पुढचं काही बोलल्या नाहीत.
शेजारच्यानं सांगितलं,
मास्तरांना वर्षाचे अठरा कुडव मिळत,
त्यातले दोन विकून आणलेलं.
मी नावापुढे पूर्ण पत्ता घातला.

फळा निघेना, तो भिंतीवरच रंगवलेला.
भिंतीचे चिरे रेंदेरांनी डोक्यावरून आणलेले,
कुणी किती, हे त्यांच्या नातवांना पाठ होतं,
चुकलं तर एकमेकांना दटावत होते.
बाकांना चार घरं निघाली,
नकाशाला एक, तोही बोटीवर खलाशी असलेल्याचा,
त्यात गोवा नव्हताच, नुसता समुद्र ठळक.

एकजण मात्र खांबाला टेकून गप्प होता.
पुरसो त्याचं नाव. त्याची मुलगी
जूनपासूनच पलीकडे जाते, गळ्यात टाय लावून.
"तिथे शिकवतात बरं," तो जमिनीला म्हणाला.
कुणी त्याला उत्तर दिलं नाही.
आनाबायनं त्याच्याही वाटीत पेज ओतली.
थोड्या वेळानं तो उठला,
कोपऱ्यातलं टेबल हलवून पाहिलं:
"ह्याचा डावा पाय माझा. मी बसवलेला. लिवा."

उन्हं कलली. पाचवा रकाना भरला,
पानामागे गेला, समासात चढला.
सरकारचं म्हणून शेवटी निघालं
एक प्लास्टिकची बादली, निळी.
"ती न्या," सगळे एका आवाजात.
दोन पोरं ती धक्क्यापर्यंत घेऊन आली,
एका कडीला दोन हात.

साहेबांनी यादी उलटीपालटी करून पाहिली.
शाळेचं असं काहीच नाही?
आहे, म्हटलं, बादली.
मग हलवायचं काय?
मी टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत राहिलो.

चार वर्षांपूर्वी खाणपट्ट्यातली एक शाळा
मी दुपारच्या जेवणाआधी उरकली होती.
रेघ सरळ आली होती, पट्टी न लावता.
तिथेही व्हरांड्यात माणसं होती बहुतेक,
मी विचारलं नाही आणि ती बोलली नाहीत.

संध्याकाळी गोदामाची किल्ली घेतली.
मोडक्या खुर्च्यांमागे, कागदाचा टॅग बांधलेली,
घंटा, पितळी, एक.
पेनाच्या टोकानं जराशी हलवली.
बाहेरून चौकीदार ओरडला,
"कोण रे तिथे? कुणाचं काय हवंय?"