चिमूटभर डिस्प्रोसियम

ड्रेस्डेनच्या तळघरात सकाळी साडेसातला
हान्झा ग्राफाइटची कांडी पोखरते
आणि पोकळीत ठासते कोळशाची पूड,
तिच्यात चिमूटभर डिस्प्रोसियमचं ऑक्साइड,
काडीने दाबत दाबत,
बाप पाइप भरायचा तशी.

पंप हवा ओढून घेतो. मग हेलियम, थोडासाच.
मग शंभर अँपिअर.
काळ्या काचेतूनही बघवत नाही तो ठिपका.

नवा मुलगा, लेनार्ट, विचारतो,
पण धातू आत घालता कसा?
पिंजऱ्याला तर फटसुद्धा नाही.
सगळे हेच विचारतात.

घालत नाही रे कुणी.
आधी घर, मग बिऱ्हाड, असं इथे होत नाही.
धातूची वाफ भटकत असते,
कार्बनचीही,
निवता निवता एकाभोवती दुसरा मिटत जातो.
पंचकोन, षटकोन, षटकोन,
शेवटचा टाका कुठे पडला
ते टाक्यालाही ठाऊक नसतं.

तेही क्वचित.
दिवसभराची काजळी ब्रशने झाडावी,
नासक्या कोबीच्या वासाच्या द्रवात धुवावी,
तर बहुतेक पिंजरे रिकामे.
रिकाम्यांचा रंग देखणा, पिकल्या जांभळाचा.
आपला मळकट,
कुपीच्या तळाशी, असून नसल्यासारखा.

बाप लिग्नाइटच्या खाणीत यंत्र चालवायचा.
यंत्र एका वर्षी त्यांच्याच गावाशी पोचलं.
शाळा, चर्च, सफरचंदांची रांग,
सगळ्याखाली कोळसा होता.
आता तिथे तळं आहे, उन्हाळ्यात लोक पोहतात.
पाटीवर जर्मन नावाखाली
बारीक अक्षरांत सोर्बियन नाव असायचं.
पाटी कुणी नेली, माहीत नाही.

आत अडकताना हा अणू
पिंजऱ्याला तीन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो,
ती लेनार्टला बोटांवर दाखवते,
आणि मोजते मात्र बापाच्या भाषेत:
येदिन, द्वाय, त्सी.
तो हसतो. त्याला वाटतं खोकली.

चार वाजता पडद्यावर एक सुळका उठतो,
अकराशे सेहेचाळीसच्या आसपास.
लेनार्ट टाळीच वाजवतो.
"आता बाहेर काढता येईल?"
"येईल. मोडून."

कुपीवर चिठ्ठी, तारीख, वजन:
एक मिलिग्रॅमही नाही.
मग ती नळ सोडते, साबण लावते, पुन्हा लावते.
साडेपाचची ट्राम चुकते.