आडवा बाण

कलसण्णावर मॅडम फळ्यावर बाण काढतात,
सगळे वर जाणारे:
उपकेंद्र, प्राथमिक केंद्र, तालुका, जिल्हा.
मी वहीत उतरवून घेते, पट्टी लावून.

फील्डवर्कला मला माझ्याच बाजूचं गाव मिळालं,
उचगावच्या पुढं, जिथं रस्त्याचे खड्डे
एकाएकी दुसऱ्या राज्याचे होतात.
प्रश्नावली कन्नडमध्ये.
मी मनात मराठी करून विचारते,
उत्तर परत कन्नडमध्ये भरते.
मधल्यामध्ये द्रौपदीकाकूचं "जीव घाबरा होतोय बघ"
"धडधड" होतं,
मग नुसतं कोड क्रमांक चार.

"बीपीच्या गोळ्या कुठून आणता?"
"शिनोळीसनं. भैणीच्या कार्डावर.
तिकडं मी सुलोचना."
"आणि सुलोचना आजारी पडली तर?"
"ती येतीय की बेळगावला. द्रौपदी हून."

पर्याय तीन: सरकारी, खाजगी, इतर.
इतरवर खूण केली.
पुढं टिंबटिंबांची अर्धी ओळ होती,
तिच्यात दोन बहिणी मावेनात.
उठले, तर काकू म्हणाली,
"च्या न घेता कुठं जाऊलैस?"

होस्टेलवर रात्री आकृती काढली.
सगळे बाण वर,
एक आडवा, हातानंच काढलेला,
दोन्हीकडं टोक असलेला.
मॅडमनी समासात पेन्सिलीनं लिहिलं: पुरावा?

रिपोर्टाच्या तळटीपेत नियमाप्रमाणं लिहायचं असतं:
नावं बदललेली आहेत.
लिहिलं.

त्यांनी ती आधीच बदलली होती.