किमान तापमान

लवाटे बदलीवर आले तीन वर्षांसाठी,
एकवीस वर्षं राहिले.
पहिल्याच दिवशी जिन्यात मला विचारलं,
"इथे पिण्यालायक चहा कुठे मिळतो?"
मी म्हटलं, "इथं पिण्यालायकच मिळतो बाप्पा,
नालायक पाहिजे असेल तर
संध्याकाळची गाडी आहे पुण्याची."

तिथून सुरू झालं.
गोकुळपेठेत चैतरामच्या ठेल्यावर, सकाळी सातला,
दोघांत एक पेपर. तो उघडायचा थेट
हवामानाच्या चौकटीवर.
डिसेंबर लागला की पैज:
ज्याचं गाव जास्त गारठलं, तो जिंकला.
हरणाऱ्यावर एक प्लेट पोहे.
नागपूर आठ पूर्णांक चार, पुणे आठ पूर्णांक नऊ,
की मी मफलर सोडून गळा उघडा टाकायचो,
जशी ती थंडी मीच पाडली होती
रातभर जागून.

मे महिन्याची पैज नव्हती. मे आमचाच.
शेहेचाळीसचा आकडा छापून आला
की पेपरची घडी करून मी लवाट्यांच्या
दाराखालून आत सरकवायचो.
आतून आवाज यायचा, "ठवकर,
भाजून निघणं हे कर्तृत्व नव्हे."
पण एप्रिलच्या पहिल्या रविवारी
कूलरची खस बदलायची घाई त्यांनाच.
कमरेला टॉवेल खोचून, हातात बादली,
गच्चीवरून मला हाका:
"अहो, त्या मोटारीला तेल कुठलं घालायचं?"

आणि भाषा.
मी "येऊन राहिलो" म्हटलं की थांबवायचे,
"येताय, की राहताय? एक काय ते ठरवा."
"दोन्ही," मी म्हणायचो. "आमच्याकडे वेळ आहे."

तर्री ते वाटीत वेगळी घ्यायचे.
चमच्याच्या टोकानं, औषधासारखी.
चैतराम माझ्याकडे बघायचा.
"दे बाप्पा," मी म्हणायचो, "पाहुणा आहे."
एकविसाव्या वर्षीसुद्धा.

हिशेब दुधाच्या जुन्या कार्डांच्या पाठीवर.
माझ्या एकशे बारा प्लेटा निघतात,
त्यांच्या शहाण्णव.
वसूल एकही नाही. रोज आपापले पैसे
आपापल्या खिशातून, सुट्ट्यासाठी
चैतरामशी भांडून.

मागच्या सप्टेंबरात गुडघ्यांचं निमित्त झालं,
मुलगा न्यायला आला.
टेम्पोत सगळं चढलं, मग शेवटी कूलर.
मी म्हटलं, "तुमच्याकडं तर पंख्यावरच भागते ना?
शंभरदा सांगितलं तुम्ही."
"असू दे," म्हणाले, आणि दोरी
पुन्हा एकदा ओढून पाहिली.

काल पेपरात: नागपूर नऊ पूर्णांक एक,
पुणे सात पूर्णांक आठ.
एवढा सणसणीत कधी हरलो नव्हतो.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं. फोन येणार हे माहीतच होतं,
सातला आलाच.
मी सुरुवात केली, "अभिनंदन लवाटे,"
तर म्हणाले, "कसलं हो.
तो आकडा शिवाजीनगरचा. इकडे आमच्या गल्लीत
साधा स्वेटरही लागत नाही.
आणि पोह्यांबरोबर काही रस्साबिस्सा मागितला
तर त्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं
जसा मी त्याची किडनी मागितली.
ते सोडा. आपल्याकडे काय म्हणतंय?"

"धुकं आहे," मी म्हटलं. "अंबाझरीकडलं
काही दिसून नाही राहिलं."
तेवढ्यात तिकडे भांडं पडलं,
वहिनींनी आतून हाक मारली,
आणि लवाटे ओरडले, मला नाही, त्यांना,
"येऊन राहिलो!"

मग दोन्ही बाजूंना शांतता.
एकवीस वर्षं या एका शब्दासाठी
टपून बसलो होतो मी.
उत्तरं चारपाच तयार होती,
घासून पुसून ठेवलेली.
"मोजे घालत जा," म्हटलं,
आणि फोन ठेवला.

कार्ड शोधलं, पेन्सिल शोधली.
लवाटे, सत्त्याण्णव.
खाली चैतरामसाठी, म्हणजे
कधी आलेच तर विसरायला नको:
तर्री वेगळी.