भुवया

सप्टेंबरात बोट येते, वर्षातली दुसरी आणि शेवटची,
दातांची डॉक्टर घेऊन.
शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत खुर्ची उलगडतात,
दिवा करवतीच्या खिळ्याला टांगतात
आणि मला स्वयंपाकघरात निरोप येतो:
हात पूस, आज तू दुभाषी.

मला दोन्ही भाषा येतात. म्हणजे
डॅनिशमध्ये मी हिशेब करते
आणि आमच्या ग्रीनलँडच्या भाषेत रागावते.

डॉक्टर यंदा नवी. नाव टोवे.
बोटीवर दोन दिवस ओकत आली,
तरी आरसा धरलेला हात जरासुद्धा हलत नव्हता.
पाच वर्षांच्या मिनिकनं आ केला.
आत भर दुपारचा डिसेंबर.

सहा काढावे लागतील, टोवे म्हणाली.
विचार तिला, रोज ब्रश करतो का?
मी विचारलं.
झोपताना काही गोड लागतं का?
विचारलं.
ठणका लागतो तेव्हा रात्री उठतो का?

टोवेचं पेन अधांतरी.
ही बाई बोलत का नाही?

अगं, बोलली की! तीनदा.
आमच्याकडे भुवया वर गेल्या की हो,
नाक आक्रसलं की नाही.
कोणी म्हणतं, सीलला चाहूल लागू नये म्हणून,
कोणी म्हणतं, थंडीत तोंड कशाला उघडा.
मला विचाराल तर निव्वळ आळस.

पण तोवर कागदावर उतरलं होतं:
आई प्रतिसाद देत नाही.
मी ते उलट्या बाजूनं वाचलं.
बाईंच्या टेबलासमोर उभी राहून राहून
हे मी लहानपणीच शिकले.

मग टोवे एक लांबलचक वाक्य बोलली.
त्यात एक शब्द होता, दुर्लक्ष.
तिच्या भाषेत तो अगदी बारीक आहे,
हिरडीत शिरणाऱ्या सुईसारखा.
तो मी गिळला
आणि बाकीचं पिपालुकला दिलं.

पिपालुक माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
तिचं वाक्य केवढं होतं, म्हणाली,
तुझं एवढंसं झालं.
उरलेलं कुठे ठेवलंस?

सांगितलं मग. काय करणार.

खोलीत भुश्याचा वास होता.
पिपालुक खाली बघून बोलू लागली,
इतकी सावकाश
की मला तिच्या मागोमाग चालता आलं:
याचा बाप दोन वर्षांपूर्वी मासेमारीला गेला,
बोट सापडली.
तेव्हापासून सासरे समुद्रावरून परतले की
बूटही न काढता
याच्या जिभेवर साखरेचा खडा ठेवतात.
आलो, म्हणतात.
रोज जातात. रोज येतात.
तो खडा मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ?

हे डॅनिशमध्ये सांगताना
माझा एक काळ चुकला.
"येतात" म्हणायचं तिथे "यायचे" म्हणाले,
आणि म्हातारा तर दाराबाहेरच उभा,
टोपी हातात चुरगाळत.

टोवेनं ती ओळ खोडली नाही.
तिच्यापुढे काहीतरी लिहीत बसली, बराच वेळ.
मग म्हणाली, त्यांना आत बोलाव.

ब्रश त्यांच्या हातात दिला.
खडा असू द्या, म्हणाली,
पण त्याच्या पाठोपाठ हा. तुम्हीच. रोज.
आलात, की दोन्ही.

युनाता आजोबांनी ब्रश उलटासुलटा पाहिला,
जाळ्याच्या सुईसारखा अंगठ्यावर तोलला.
भुवया वर.

टोवेनं माझ्याकडे पाहिलं नाही.
तिनंही आपल्या भुवया उचलल्या,
गंजलेल्या बिजागरीची खिडकी उघडावी तशा,
आधी एक, मग दुसरी.

सहा दात जाणारच आहेत.
ऑक्टोबरात हेलिकॉप्टर, मोठ्या गावचं इस्पितळ.
हे मिनिकला सांगायचं काम माझं.
सांगितलं. त्यानं नाक असं आक्रसलं
की डोळेच दिसेनात.

नाही म्हणतोय, टोवे म्हणाली.
मी काही बोलायच्या आत.

मी हात पुसत स्वयंपाकघरात गेले.
बटाटे तळाशी लागले होते.